हालचालीतून मिळणारी ऊर्जा

पूर्वी ज्या घरात घड्याळ असे, त्या घरात सकाळचे एक काम कधी चुकत नसे. घरातील वडीलमाणूस स्नान आटोपून येई, खुंटीवरचे किंवा फडताळातले घड्याळ हाती घेई आणि त्याला चावी देई. चावी देताना होणारी बारीक करकर मुले कान देऊन ऐकत. एखादे दिवशी चावी द्यावयाची राहिली, की दुसऱ्या दिवशी घड्याळ मुके होऊन बसे, आणि शेजारच्या घरी जाऊन वेळ विचारून येण्याची पाळी येई.

चावी देताना नेमके काय घडते? घड्याळाच्या पोटात पोलादाची एक लांब, पातळ पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. हीच घड्याळाची स्प्रिंग. चावी दिली म्हणजे ती अधिकाधिक आवळली जाते आणि मग दिवसभर हळूहळू सैल होत काटे फिरविते. बोटांनी अर्ध्या मिनिटात केलेले श्रम घड्याळ तीस-पस्तीस तास पुरवून पुरवून वापरते. म्हणजे घड्याळ हे माणसाच्या बळावरच चालत आले आहे. फक्त ते बळ त्याला आठवणीने द्यावे लागे.

आता असे पाहा, की घड्याळ बाळगणारा मनुष्य दिवसभर काही स्वस्थ बसलेला नसतो. तो चालतो, वाकतो, हात हलवितो. मग या हालचालीतूनच घड्याळाला आपोआप चावी का मिळू नये? हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधील कारागिरांना पडला. ल लोक्ल या गावी राहणाऱ्या अब्राहम-लुई पेरेले या घड्याळजीने १७७७ च्या सुमारास असे घड्याळ तयार केले, असे सामान्यतः मानले जाते. बेल्जममधील लिएजच्या ह्यूबेर सार्तों या कारागिराने १७७८ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवलेल्या घड्याळाला तो मान द्यावा, असेही काहींचे मत आहे. श्रेय कोणाचेही असो, युक्ती मोठी सुरेख होती. घड्याळाच्या आत एक वजनदार धातूचा तुकडा आसावर सैल बसविलेला असे. माणूस चालू लागला की तो तुकडा डोले, आणि त्याच्या डोलण्याने स्प्रिंग आवळली जाई. पंधरा मिनिटे चालले असता घड्याळ आठ दिवस चालते, अशी नोंद त्या काळी जिनिव्हात झाली होती.

एवढे असूनही ती घड्याळे फारशी पसरली नाहीत. त्या काळी घड्याळ खिशात ठेवीत, आणि खिसा ही तशी फार स्थिर जागा! आतला भार पुरेसा हलतच नसे. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर आले आणि सारेच पालटले. शरीराचा जो भाग दिवसभर सर्वांत अधिक हलतो, त्याच्याजवळच घड्याळ येऊन बसले.

ही संधी जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने साधली. त्याच्याकडे दुरुस्तीला येणारी पुष्कळशी घड्याळे धूळ आणि ओल यांनी बिघडलेली असत. ही घाण चावी देण्याच्या गुंडीपाशी असलेल्या छिद्रातून आत शिरते, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा गुंडीच नको, असे त्याने ठरविले! १९२४ साली त्याला आपल्या स्वयंचलित मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट मिळाले. त्याच्या घड्याळातील भार पूर्ण फेरा घेत नसे. दोन्ही बाजूंच्या लहान स्प्रिंगांवर आपटून तो मागे येई. पुढे १९३१ मध्ये रोलेक्स कंपनीने पूर्ण वर्तुळात फिरणारा भार वापरला, आणि आजची बहुतेक स्वयंचलित घड्याळे याच पद्धतीची असतात. आपल्या देशात एचएमटी कारखान्याने केलेले ‘कांचन’ हे घड्याळ याच जातीचे होते. लग्नात जावयाला ते देण्याची अनेक घरांत पद्धत पडली होती.

या यंत्रणेतील दोन गोष्टी विशेष पाहण्याजोग्या आहेत. हात पुढेमागे हलतो, त्यामुळे भारही कधी उजवीकडे तर कधी डावीकडे फिरतो. मग एकदा आवळलेली स्प्रिंग उलट फेऱ्यात सुटून का जात नाही? त्यासाठी दातेरी चाकावर एक खिट्टी बसविलेली असते. विहिरीच्या रहाटाला असलेली खिट्टी जशी भरलेल्या पोहऱ्यांना मागे घसरू देत नाही, तशीच ही खिट्टी चाकाला एकाच दिशेने जाऊ देते. दुसरी गोष्ट याहून चतुर आहे. एखादा मनुष्य दिवसभर लाकडे फोडीत राहिला, तर स्प्रिंग आवळत जाऊन तुटावयास हवी. ती तुटत नाही; कारण तिचे बाहेरचे टोक पक्के जखडलेले नसते. ताण मर्यादेबाहेर गेला की ते टोक डबीच्या भिंतीवरून थोडेसे घसरते.

१९८८ साली जपानच्या सेको कंपनीने याच डोलणाऱ्या भाराकडून वीज निर्माण करणारे घड्याळ बाजारात आणले. त्यात भाराचा फेरा दातेरी चाकांच्या साखळीने शंभरपट वेगवान करून एका चिमुकल्या जनित्राला दिलेला असतो. ही वीज साठविली जाते आणि तिच्यावर घड्याळ चालते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की हाताच्या डोलण्यावर घड्याळ चालते, तर त्यावर मोबाइल फोन का चालू नये? कानाचे यंत्र, नाडीचे ठोके मोजणारा मनगटी पट्टा, हातातली बॅटरी, हे सारेच चालण्याफिरण्यावर का चालवू नये? प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला थोडा हिशेब मांडावा लागेल.

प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे २,००० किलोकॅलरींचे अन्न खातो असे धरू. ज्यूल या मापात ही ऊर्जा सुमारे ८४ लाख ज्यूल भरते. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर दर सेकंदाला सुमारे ९७ ज्यूल, म्हणजेच ९७ वॅट येतात. मनुष्यदेह हा जणू अहोरात्र जळणारा शंभर वॅटचा दिवा आहे! यातील बरीचशी ऊर्जा शरीर उबदार राखण्यात, श्वासोच्छ्वासात, हृदय व मेंदू चालविण्यात खर्च होते. तरीही चालताना होणारी हालचाल काही थोडीथोडकी नसते.

आता घड्याळाची गरज पाहा. विजेवरचे साधे मनगटी घड्याळ चालावयास एक मायक्रोवॅटच्या आसपास शक्ती पुरते; मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लक्षावा भाग. शंभर वॅटच्या दिव्यापुढे ही गरज कणाएवढीसुद्धा नाही. म्हणूनच स्वयंचलित घड्याळ हाताला जराही जड वाटत नाही. फोनची गोष्ट निराळी. त्याची बॅटरी पूर्ण भरावयास सुमारे १५ वॅट-तास वीज लागते, म्हणजे ५ वॅटच्या जनित्राने ती भरू म्हटले तर तीन तास लागतील. एवढी वीज शरीराकडून मागितली, तर शरीराला ती मागणी कळल्यावाचून राहत नाही.

ज्यांनी डायनॅमो लावलेली सायकल चालविली आहे, त्यांना हे सांगावयास नको. अंधार पडला, डायनॅमोचे चाक टायरला टेकविले, दिवा लागला, की लगेच पायंडल जड होते. तो दिवा अवघा ३ वॅटचा असतो, पण त्याची किंमत पायांना मोजावी लागते. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा नियम आपण पुस्तकात वाचतो. सायकलस्वार तो चढावर शिकतो. हालचालीतून वीज काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: ही ऊर्जा शरीराला जादा श्रम पाडून घ्यावयाची, की जी नाहीतरी वाया जाणार होती, तीच उचलून घ्यावयाची?

बुटाचे उदाहरण घेऊ. टाच जमिनीवर आपटते तेव्हा सारे शरीर तिच्यावर येते. साठ किलो वजनाचा मनुष्य प्रत्येक पावलाला पाच सेंटिमीटर खाली येतो, आणि सेकंदाला दोन पावले टाकतो असे धरले, तर हिशेबाने सुमारे ५९ वॅट मिळावयास हवेत. आकडा ऐकून मनाला भुरळ पडते. परंतु ते सारे मिळवावयाचे, तर बुटाचा तळ दर पावलाला पाच सेंटिमीटर दबावयास हवा. असे चालणे कसे असेल? समुद्रकाठच्या कोरड्या वाळूतून चालून पाहा. पाय रुततो आणि थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात. वाळूत चालण्यास टणक जमिनीवर चालण्यापेक्षा दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, असे मोजून पाहिले गेले आहे. तेव्हा बुटाचा तळ काही मिलिमीटरच दबला पाहिजे, आणि मग वीजही तितकीच थोडी मिळणार.

ही थोडी वीज घेण्याचा मार्ग स्फटिकांनी दाखविला. १८८० साली पियर क्यूरी आणि त्याचा थोरला भाऊ झाक यांना आढळून आले, की क्वार्ट्‌झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्‌भार प्रकट होतो. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत उसाच्या साखरेचे स्फटिकही होते, हे ऐकून तुम्हांला मौज वाटेल. हा चमत्कार तुम्ही घरी रोज पाहता. स्वयंपाकघरात गॅस पेटविण्याच्या लायटरचा खटका दाबला, की आतील हातोडी अशाच गुणाच्या पदार्थावर आपटते आणि ठिणगी उडते. त्यात बॅटरी नसते. ठिणगीची ऊर्जा अंगठ्याच्या दाबातून येते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनी १९९८ साली या गुणाचे पदार्थ बुटाच्या तळात बसविले. वीज मिळाली ती काही मिलिवॅटच, म्हणजे वॅटच्या हजाराव्या भागाच्या मापाची. तिच्यावर दिवाबत्ती होण्यासारखी नव्हती. पण काही पावले चालली, की तो बूट आपली ओळख सांगणारा बिनतारी संदेश पाठवी. पाऊल टाकणाऱ्याला मात्र बुटात काही निराळे आहे, याची जाणीवही होत नसे. मला स्वतःला हा बूट मोठ्या जनित्रांपेक्षा अधिक शहाणा वाटतो.

मोठी वीज मिळविण्याचे प्रयत्नही झाले. सैनिकांना आणि रानावनांत हिंडणाऱ्या संशोधकांना बॅटऱ्यांचे ओझे पाठीवर वाहून न्यावे लागते, म्हणून हा खटाटोप. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लॉरेन्स रोम यांनी २००५ साली एक पाठपिशवी दाखविली. तीत ओझे सांगाड्याला पक्के न बांधता स्प्रिंगांवर टांगलेले होते. कावड वाहणाऱ्याला तुम्ही पाहिले असेल. त्याच्या पावलागणिक बांबू लवतो आणि दोन्ही टोकांची ओझी खालीवर हेलकावतात. या पिशवीतील ओझेही तसेच हेलकावे आणि त्यावर जनित्र फिरे. मोठे ओझे घेऊन भराभर चालले असता त्यातून ७.४ वॅटपर्यंत वीज मिळाली. परंतु त्यासाठी वीस ते अडतीस किलोंचे ओझे पाठीवर हवे! ज्याला ते नाहीतरी वाहावयाचेच आहे, त्याला ही पिशवी उपयोगी. फोन भरण्यासाठी कोणी मुद्दाम तेवढे ओझे उचलणार नाही.

कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या मॅक्स डोनेलन यांनी २००८ साली केलेली युक्ती याहून सूक्ष्म आहे. चालताना पाय पुढे झेपावतो, आणि टाच टेकण्यापूर्वी त्याचा वेग आवरावा लागतो. हे आवरण्याचे काम मांडीच्या मागील बाजूचे स्नायू करतात. म्हणजे आपण पाय हलवितानाच नव्हे, तर थांबवितानाही श्रम करतो. मुंबईच्या लोकल गाड्या स्थानकात थांबू लागल्या, की त्यांच्या मोटारी जनित्रासारखे काम करतात. गाडीचा वेग उतरतो आणि वीज वरच्या तारेत परत जाते. डोनेलन यांनी गुडघ्यावर असाच विद्युत्‌रोधक बसविला. पाय आवरावयाच्या क्षणीच तो काम करतो, एरवी मोकळा राहतो. ताशी साडेपाच किलोमीटरच्या चालीने दोन्ही पायांवर मिळून सुमारे ५ वॅट वीज मिळाली, आणि ती निर्माण करण्यासाठी चालणाऱ्याला फारच थोडे जादा श्रम पडले. मात्र प्रत्येक यंत्र सुमारे दीड किलोचे होते. वीज जवळजवळ फुकट, पण यंत्र वाहण्याचे श्रम काही फुकट नव्हते.

घर्षणातून मिळणाऱ्या विजेचाही असाच उपयोग होऊ लागला आहे. कोरड्या केसांतून फणी फिरवून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ तुम्ही केला असेल. २०१२ साली अमेरिकेतील जॉर्जिया येथे चोंग लिन वांग यांच्या सहकाऱ्यांनी दोन निरनिराळे पातळ थर एकमेकांना भिडवून आणि दूर करून वीज मिळविणारे साधन तयार केले. कपड्यात बसविता येईल इतके ते हलके असते.

आता या साऱ्या प्रयत्नांत ज्याची निकड मला सर्वांत मोठी वाटते, त्याकडे वळू. काही माणसांचे हृदय हवे त्या गतीने ठोके देत नाही. अशा रोग्याच्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पेसमेकर नावाची लहानशी डबी बसवितात. तिच्यातून निघालेली तार हृदयापर्यंत जाते आणि वेळच्या वेळी बारीक विद्युत्‌स्पंद देऊन त्याला ठोका देण्याची सूचना करते. या कामाला अवघी दहा मायक्रोवॅटच्या आसपास शक्ती लागते. तरीही डबीतील बॅटरी साधारणपणे आठ-दहा वर्षांत संपते, आणि मग शस्त्रक्रिया करून डबी बदलावी लागते. म्हाताऱ्या माणसाला असे एखाददुसऱ्या वेळी करावे लागेल. परंतु तुमच्याच वयाच्या एखाद्या मुलाला पेसमेकर बसविला असेल तर? साठी गाठेपर्यंत त्याला पाच-सहा वेळा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागेल, आणि तेही केवळ बॅटरी संपली म्हणून.

स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात आद्रिआन त्सुर्बुखेन आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाला हात घातला, तो पेरेलेच्याच मार्गाने! त्यांनी बाजारात मिळणाऱ्या स्वयंचलित मनगटी घड्याळाची यंत्रणा घेतली, तीतून घड्याळाचा भाग काढून टाकला आणि उरलेली यंत्रणा एका डुकराच्या हृदयावर टाक्यांनी बसविली. मनगट दिवसा हलते आणि रात्री झोपते. हृदय मात्र जन्मापासून एक दिवसही थांबत नाही. त्याच्या ठोक्यांनी भार डोलू लागला, स्प्रिंग आवळली गेली, चिमुकले जनित्र फिरले, आणि त्या विजेवर बॅटरीवाचून चालणाऱ्या पेसमेकरने हृदयाला मिनिटाला १३० ठोक्यांची गती दिली. २०१४ साली युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत हे काम सांगितले गेले.

हृदय यंत्राला हलविते आणि यंत्र हृदयाला. मग हे कशाशिवायही चालणारे यंत्र झाले की काय, अशी शंका तुम्हांला येईल. ती रास्त आहे, पण तसे नाही. लेझीमच्या मेळ्यात हलगीवाला ठेका देतो आणि शंभर मुले एकदम पाऊल टाकतात. म्हणून त्या शंभर मुलांचे बळ हलगीत असते काय? बळ त्यांच्या स्नायूंत आणि त्यांनी खाल्लेल्या भाकरीत असते. हलगी केवळ वेळ सांगते. पेसमेकरही तेवढेच करतो. ठोक्याची खरी ताकद हृदयाच्या स्नायूची असते आणि तिला लागणारे इंधन रक्तातून मिळते. त्या ताकदीचा अगदी नगण्य अंश काढून घेतला जातो. हृदय क्षणभर मंदावले तरी काम अडू नये, म्हणून थोडी वीज साठवूनही ठेवावी लागते.

ही यंत्रणा अजून मनुष्यावरील नित्याच्या उपचारात आलेली नाही. हृदयावर बसवावयाची वस्तू आणखी लहान आणि हलकी हवी. तिने हृदयाच्या कामात अडथळा आणता कामा नये, आणि शरीरातील ओलाव्यात तिने वर्षानुवर्षे न बिघडता चालले पाहिजे. हारवुडला मनगटावरील घड्याळात धूळ आणि ओल शिरू द्यावयाची नव्हती, म्हणून त्याने चावीची गुंडी काढून टाकली होती. शरीराच्या आत बसणाऱ्या या घड्याळापुढेही ओलीचाच प्रश्न उभा आहे. फक्त येथे ते बिघडले तर उघडून पुसावयास घड्याळजीकडे नेता येत नाही.